विश्रांतीची मर्यादा आणि हालचालीचे माप

(पंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व तालुका स्तरावरील कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



हृदयविकार असलेल्या वृद्ध मातापित्यांनी व्यायाम करावा काय, आणि करावयाचा झाल्यास तो कसा व किती करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर असून शासनाच्या माहिती खात्यात काम करतो. कोणते औषध घ्यावे, ते किती घ्यावे, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु तज्ज्ञांमध्ये ज्याविषयी आता मतभेद राहिलेला नाही आणि घरच्या माणसांना जे ठाऊक असणे अगत्याचे आहे, ते सोप्या भाषेत आपल्यापुढे ठेवणे हे माझे कर्तव्य आहे.

सेवेची रूढ कल्पना

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. त्यांपैकी सात कोटींहून अधिक नागरिक खेड्यांत राहणारे होते. त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे. हृदयविकाराचा झटका येऊनही वेळीच उपचार मिळाल्यामुळे घरी सुखरूप परतणारी वडील माणसे आज गावोगाव दिसतात. शस्त्रक्रिया होते, स्टेंट बसतो, औषधांची पिशवी हाती मिळते आणि रुग्णालयाचे काम तेथे संपते. घराचे काम मात्र तेथून सुरू होते, आणि त्या कामाची तयारी आपण फारशी केलेली नसते.

घरी आल्यावर काय होते, ते आपण सर्वजण जाणताच. "आता तुम्ही स्वस्थ बसा. इकडची काडी तिकडे करावयाची नाही," असे मुलगा वडिलांना बजावतो. सून पाण्याचा तांब्या हातात आणून देते. नातू काठी काढून ठेवतो. या साऱ्यामागे माया आहे, आदर आहे आणि थोडी भीतीही आहे. आपल्या डोळ्यांआड काही झाले तर लोक काय म्हणतील, ही ती भीती.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त तलाठ्यांचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. झटक्यातून ते उत्तम प्रकारे बरे झाले. मुलांनी त्यांची आतल्या खोलीत सोय केली आणि तीन महिने त्यांना ओसरीवरही येऊ दिले नाही. चौथ्या महिन्यात ते पडले व त्यांचे मांडीचे हाड मोडले. हृदयाची तपासणी केली, तर ते व्यवस्थित होते. धोका दिला तो पायांनी. ज्या माणसाने चाळीस वर्षे शिवारे पायांखाली घातली, त्याला खुर्चीतून उठण्याइतकेही बळ उरले नव्हते. घरातल्या कोणी सेवेत कसूर केली नव्हती. सेवा म्हणजे हालचाल बंद करणे, एवढीच त्यांची चुकीची समजूत होती.

शास्त्राने आपले मत का बदलले?

या समजुतीचा दोष केवळ आपल्या समाजाला देता येणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यकशास्त्राचेही हेच मत होते. झटका आलेल्या रुग्णाला चार-चार, सहा-सहा आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यात येई. खरे म्हणजे त्याच्याही आधीचा एक अनुभव नोंदलेला होता. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी अठराव्या शतकात हृदयविकारातील छातीच्या वेदनेचे सविस्तर वर्णन केले. रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापण्याचा नेम धरणारा एक रुग्ण जवळजवळ बरा झाला, अशी नोंद त्यांच्या १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते. पुढे ती मागे पडली.

१९५२ साली अमेरिकेत सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकरच अंथरुणातून उठवून खुर्चीत बसविण्याचा उपचार मांडला. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी बस-कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून बस चालविणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. १९५५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा त्यांचे डॉक्टर पॉल डडली व्हाइट यांनी क्रमाक्रमाने हालचाल व काम सुरू करण्याच्या बाजूने कौल दिला. पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले.

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे झालेला एक प्रयोग तर विचार करावयास लावणारा आहे. वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले. त्यांची श्रम करण्याची शक्ती एकदम घसरली. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा असे दिसले की, त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने शरीराचे जेवढे नुकसान केले होते, तेवढे मधल्या तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही केलेले नव्हते. तरुणांची ही गत, मग सत्तरीच्या माणसाची काय होत असेल? निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर पायांचे सुमारे एक किलो स्नायू झिजतात, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे.

यामागचे कारण अवघड नाही. नियमित चालण्याने पायांचे स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक चांगल्या रीतीने वापरू लागतात. त्यामुळे तेवढ्याच कामासाठी हृदयाला कमी धावपळ करावी लागते. रक्तदाब आणि रक्तातील साखर यांवरही इष्ट परिणाम होतो. सवय असलेला बैल ओझे सहज ओढतो आणि गोठ्यात बांधून ठेवलेला बैल पहिल्याच चढणीला धापा टाकतो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको.

प्रारंभ करण्यापूर्वी

तथापि, आज माझे भाषण ऐकून उद्या पहाटे कोणी वडिलांना टेकडीवर नेऊ नये. पहिली पायरी डॉक्टरांच्या सल्ल्याची. हृदयविकार हा एकच आजार नव्हे. कोणाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, कोणाचे हृदय दुर्बल झालेले असते, कोणाची झडप नीट उघडत नाही, तर कोणाचे ठोके अनियमित पडतात. झडप फार अरुंद झाली असल्यास श्रमाने भोवळ येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना पुढील चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. हृदयाचा नेमका दोष कोणता आणि त्याची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती किती आहे?
२. कोणत्या हालचाली आजपासून चालतील आणि कोणत्या मुळीच करावयाच्या नाहीत?
३. चालू औषधांमुळे नाडी मंद होते काय, किंवा उठताना रक्तदाब उतरतो काय?
४. दिवसाला पाणी व मीठ किती घ्यावयाचे?

विश्रांती घेत असतानाही छातीत दुखणे, अलीकडेच वाढलेला दम, आटोक्यात नसलेला रक्तदाब, ताप, किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलेले वजन आणि पायांवरील सूज, यांपैकी काहीही असेल तर व्यायाम थांबवून प्रथम डॉक्टरांना भेटावे. वजन असे झपाट्याने वाढणे म्हणजे अंगी लागणे नव्हे. दुर्बल हृदयामुळे शरीरात पाणी साठू लागल्याची ती खूण असू शकते.

चालावे कसे?

डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा व्यायाम म्हणजे सपाट जमिनीवरचे चालणे. फार दिवस बसून असलेल्या माणसाने एका वेळी पाच मिनिटे, अशी दिवसातून दोन-तीन वेळा सुरुवात करावी. ओसरी, अंगण, शाळेचे मैदान, कोणतीही सपाट जागा चालेल. सोसते असे पाहून दर काही दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवावीत. अशा रीतीने काही आठवड्यांत बहुतेक दिवशी अर्धा तास चालण्यापर्यंत पोहोचता आले, तर उत्तम. सलग अर्धा तास जमत नसेल, तर दहा-दहा मिनिटांचे तीन भाग केले तरी चालतात. हृदय फार दुर्बल असलेल्यांनी दोन मिनिटे चालावे, एक मिनिट बसावे, पुन्हा चालावे.

आरंभीची आणि शेवटची पाच मिनिटे अगदी सावकाश चालावे. शेवटची पाच मिनिटे तर मुळीच गाळू नयेत. एकाएकी थांबल्यास रक्त पायांत साचून राहते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते.

वेग किती असावा, हे ठरविण्यासाठी यंत्राची गरज नाही. चालताना बरोबरच्या माणसाशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटत असेल, तर वेग जास्त आहे. अभंग म्हणत चालता येईल इतका श्वास मोकळा असेल, तर थोडा वेग वाढविण्यास हरकत नाही. स्वीडनचे शास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजण्यासाठी ६ ते २० अंकांची एक पट्टी तयार केली आहे. अनेक हृदयरुग्णांना त्यातील ११ ते १३, म्हणजे 'सोपे' ते 'किंचित कष्टाचे' एवढेच श्रम सुचविले जातात. नाडी मोजून वेग ठरविण्याची पद्धत येथे फसवी ठरू शकते. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल यांसारखी औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रम वाढले तरी फारशी वाढत नाही. अशा वेळी नाडीपेक्षा बोलण्याची कसोटी अधिक विश्वासाची.

चालण्याबरोबरच बळ आणि तोल यांसाठीही थोडे करावे. हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि तिच्यातून पाच वेळा उठावे-बसावे. भिंतीला धरून टाचा उचलाव्यात. भिंतीवर हात टेकून अंग पुढे-मागे करावे. हे करताना श्वास रोखू नये. मोठ्याने अंक मोजत राहिले, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. २०२१ साली अमेरिकेत हृदयाच्या दुर्बलतेमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ३४९ वृद्धांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील ज्यांना बळ, तोल, चालणे आणि दम यांचे क्रमाक्रमाने शिक्षण देण्यात आले, त्यांची हालचालीची क्षमता इतरांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. पुन्हा रुग्णालयात जाण्याचे प्रमाण मात्र त्या अभ्यासात कमी झाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणे, ही वृद्ध माणसाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

योगासनांविषयी

आपल्याकडे योगाभ्यासाविषयी आस्था आहे आणि ती योग्यच आहे. भारतातील २४ रुग्णालयांत झटक्यानंतरच्या सुमारे चार हजार रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला व तो २०२० साली प्रसिद्ध झाला. योगावर आधारलेल्या कार्यक्रमाने रुग्णांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटू लागली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. त्यामुळे पुढचे झटके व मृत्यू टळतात, असे मात्र त्या अभ्यासाने सिद्ध झाले नाही. तेव्हा योग करावा, पण औषधांना पर्याय म्हणून नव्हे. शीर्षासनासारखी डोके खाली करण्याची आसने, श्वास रोखून धरणारा कुंभक, भस्त्रिका व कपालभातीसारख्या जलद क्रिया आणि भराभर घातलेले सूर्यनमस्कार हृदयरुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याविना करू नयेत. संथ श्वसन आणि खुर्चीत बसून करावयाच्या हालचाली यांपासून आरंभ करणे श्रेयस्कर.

वेळ, ऋतू आणि धोक्याच्या खुणा

जेवणानंतर किमान दीड-दोन तास व्यायाम करू नये. उन्हाळ्यात उन्हे चढण्यापूर्वी किंवा कलल्यावर चालावे. थंडीत मात्र काकडत्या पहाटेचा हट्ट धरू नये, कोवळे ऊन पडू द्यावे. पायांत घट्ट बसणारी वहाण किंवा बूट असावेत. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. आरंभीचे काही दिवस सोबत कोणीतरी असावे.

चालताना छातीवर दाब किंवा जळजळ, जबडा, खांदा, हात वा पाठ यांत कळ, दरदरून घाम, भोवळ, असह्य दम किंवा छातीत धडधड जाणवल्यास तत्क्षणी थांबून बसावे. वृद्धांमध्ये, स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखता केवळ दम, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढीच लक्षणे असू शकतात. 'पित्त झाले असेल' म्हणून ती उडवून लावू नयेत. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवावयाची गोळी लिहून दिली असेल, तर ती बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो. पाच मिनिटांत आराम न पडल्यास १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. राज्यात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. रुग्ण बेशुद्ध असेल आणि श्वास घेत नसेल, तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोराने दाब देत राहावे. हे कौशल्य प्रत्येक शिक्षकाने आणि पंचायत सदस्याने शिकून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

आईचे श्रम आणि वडिलांची वारी

दोन गोष्टींकडे आपले विशेष लक्ष वेधतो. पहिली गोष्ट आईची. वडिलांना आपण बसवून ठेवतो, पण आईच्या बाबतीत "घरकाम हाच तिचा व्यायाम" असे म्हणून मोकळे होतो. भरलेला हंडा उचलणे, ओली गोधडी पिळणे, वाकून ओझे ओढणे हा व्यायाम नव्हे. त्यात श्वास रोखला जातो, रक्तदाब एकदम चढतो आणि विश्रांतीची वेळ तिच्या हाती नसते. बायपास शस्त्रक्रियेनंतर छातीचे हाड सांधण्यास दोन-तीन महिने लागतात. दहा लिटरची भरलेली बादली म्हणजे दहा किलोंचे ओझे, हे या काळात सर्वांनी ध्यानी ठेवावे. पाणी घरातल्या तरुणांनी भरावे आणि आईला अर्धा तास मोकळेपणी चालण्यासाठी द्यावा. तो अर्धा तास तिचा हक्क आहे.

दुसरी गोष्ट वारीची. पिढ्यान्‌पिढ्या वारी करणाऱ्या वडिलांना "आता नाही" असे सांगणे मुलाला जड जाते, आणि ऐकणे वडिलांना त्याहून जड. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. त्यात पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटाची चढण आहे. वर्षभर अंगणही न ओलांडलेल्या माणसाने आषाढीच्या तोंडावर हा संकल्प करणे धोक्याचे आहे. परंतु सहा महिने आधी डॉक्टरांचा विचार घेऊन चालण्याचा सराव केला, तर एखादा सपाट टप्पा, किंवा निदान दिंडीबरोबर काही पावले, डॉक्टरांच्या अनुमतीने शक्य होऊ शकतात. कोणाला तेही शक्य होणार नाही. निर्णय मात्र तपासणीवरून व्हावा, केवळ भयाने किंवा केवळ भावनेने होऊ नये.

गावाने करावयाचे काम

शेवटी आपण सर्वांनी मिळून काय करता येईल, ते सांगतो. वृद्ध माणूस घराबाहेर पडत नाही, याचे एक कारण रस्ता हेही असते. खड्डे, मोकाट कुत्री, सांडपाणी आणि टेकावयास जागा नसणे. ग्रामसभेने मनावर घेतले, तर देवळापासून शाळेपर्यंतची एक सपाट वाट नीट करून घेता येईल. तिच्यावर ठरावीक अंतराने सावलीत बाक ठेवता येतील आणि संध्याकाळी दिव्याची सोय करता येईल. बाक जवळ असला की दम लागलेल्या माणसाला बसता येते, आणि बसता येईल या भरवशावरच तो घरून निघतो. शिक्षकांनी मुलांना हृदयविकाराच्या खुणा व १०८ क्रमांक शिकवावा. आजोबांबरोबर चालावयास जाण्याचे काम नातवंडांइतके आनंदाने दुसरे कोणी करणार नाही. आरोग्य उपकेंद्रातील कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने महिन्यातून एकदा वृद्धांचा रक्तदाब व वजन तपासून त्याची नोंद ठेवता येईल. यांतील बरीचशी कामे मोठ्या निधीवाचून होण्यासारखी आहेत.

मित्रहो, वडीलधाऱ्यांना जपावयाचे म्हणजे कोनाड्यातल्या मूर्तीप्रमाणे एका जागी बसवून ठेवावयाचे नव्हे. त्यांना विश्रांती हवी, पण तिला मर्यादा हवी. त्यांना हालचाल हवी, पण तिला माप हवे. ती मर्यादा आणि ते माप डॉक्टरांना विचारून समजून घेणे आणि रोज त्यांच्या बरोबर चार पावले टाकणे, ही मुलांची खरी सेवा होय. आज येथून घरी गेल्यावर आपल्या आईला किंवा वडिलांना एवढेच विचारावे, "आज आपण किती चाललात?" हा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला, तर आजच्या या सभेचे सार्थक झाले असे मी समजेन.

जय हिंद, जय महाराष्ट्र!